खाली उतरू नका

सासूबाईंना घरात सगळे मेट्रन म्हणतात. इस्पितळात उभी हयात हुकूम सोडण्यात गेली, ऐकून घ्यायची सवयच नाही. किनाऱ्याच्या कड्यांवरून दिवसभर चालायची ही टूमही त्यांचीच. "आई, गुडघे?" मी म्हटलं, तर म्हणे, "माझे गुडघे मला माहीत. तू तुझं वजन सांभाळ."

सकाळभर कड्याच्या काठाकाठानं चाललो आणि भांडलो. दुपारी वाट एका घळीत उतरत होती. ओहोटीला खालच्या खडकांवरून पलीकडे जायचं आणि समोरचा कडा चढायचा. मी म्हटलं, पाणी भरायच्या आत चला. तर बाई वरच एका कपारीत बसून बुटातला खडा काढत बसल्या. "तू हो पुढे, माझ्या मागे घाई लावू नकोस!" माझंही डोकं फिरलं. बसा म्हटलं, आणि तरातरा पलीकडे चढून गेले.

वर पोचून वळले तर निम्मे खडक बुडालेले. भरती लागली होती. त्या मात्र कपारीत, उंचावर, कोरड्या. तिथंच बसून राहिल्या असत्या तर पुढच्या ओहोटीपर्यंत केसालाही धक्का लागला नसता.

मी शाळेत खेळ शिकवते, माझा आवाज मैदानभर जातो. बेंबीच्या देठापासून ओरडले, "आई, खाली उतरू नका!" नेमकी तेव्हाच लाट फुटली आणि 'नका' तिनं गिळलं. त्यांनी कानाला हात लावला, मान डोलावली आणि उतरायला लागल्या.

"अहो, नका! नका ना!" मी दोन्ही हात हलवले. त्यांना वाटलं, बोलावतेय. कड्याकडे तोंड करून एकेक पाय चाचपत त्या उतरतच राहिल्या. फोनला रेंज नाही, आसपास चिटपाखरू नाही. धावत खाली आले, तर माझ्या बाजूलाही कमरेएवढं पाणी उसळत होतं. मला पोहता येत नाही.

त्या मधल्या खडकावर पोचल्या, तोवर मागची वाटही पाण्याखाली गेली.

"उतरले गं!" आता त्यांचा आवाज ऐकू येत होता, कापरा. "आता पाय कुठं ठेवू? तू सांगशील तसं करते."

पाय ठेवायला काही उरलंच नव्हतं.

"आई," मी म्हटलं. त्या पुढचं ऐकत उभ्या होत्या.