बादलीचा वास

तापातून उठले तेव्हा माझ्या नाकावर राग तेवढा शिल्लक होता, वास उठून गेला होता. साबणाच्या कारखान्यात सुगंध जुळवायचं माझं काम. मालकांनी मला खोकी बांधायला बसवलं. "नाक परत आलं की तुमची जागा तुमचीच," म्हणाले. जसं काही नाक माहेरी गेलंय.

वासाशिवाय सगळं पाण्याखाली गेल्यासारखं झालं. चहा म्हणजे गरम पाणी, उशी म्हणजे नुसता कापूस. नवरा शेजारी झोपलेला असायचा, तरी लांब कुठेतरी. मला भीती वाटायची की हे असंच राहणार.

आमच्या गॅलरीत खताची बादली आहे, भोकं पाडलेली. तिच्यात भाजीची देठं, साली, चहाचा चोथा, आणि प्रत्येक थरावर मूठभर वाळका पाला, म्हणजे ओल धरून सडत नाही. खत नीट होतंय का, हे मी नेहमी वासावरून ओळखायचे. आता ते काम नवऱ्याकडे आलं. त्याचं नाक म्हणजे चष्मा अडकवायची खुंटी, पण अडला हरी.

रोज सकाळी तो बादलीवर वाकायचा. मी डोळे मिटून विचारायचे, "कसा येतोय?"

"ओल्या मातीचा."

"अजून?"

तो पुन्हा वाकायचा. "तापलेल्या भिंतीवर पाणी मारल्यावर येतो ना, तसा. आणि मागून थोडा जुन्या लाकडी कपाटाचा."

भाजी कशी झाली विचारलं तर 'बरी' यापलीकडे न जाणारा हा माणूस. त्याचे ते शब्द मी खोकी बांधताना दिवसभर घोळवायचे. रात्री मनाने त्या भिंतीजवळ, त्या कपाटात फिरायचे आणि तिथेच मला झोप लागायची.

एका सकाळी तो अंघोळीला गेला होता, म्हणून साली टाकायला मीच झाकण उघडलं. नाकाच्या मुळाशी काहीतरी टोचलं. मग एकदम आंबट, सडका, डोक्यात जाणारा भपकारा आला. मी ओरडले आणि तिथेच फरशीवर बसले.

तो ओल्या केसांनी धावत आला. "काय झालं?"

"घाण येतेय," मी म्हटलं. "सगळं आंबलंय."

तो बादलीकडे न बघता गॅलरीतल्या कुंड्यांकडे बघत राहिला. प्रत्येक रोपाच्या बुडाशी वाळक्या पाल्याचा जाड थर होता. "माती सुकू नये म्हणून पसरला सगळा," तो म्हणाला. "बादलीसाठी उरलाच नाही."

"मग ती भिंत? ते कपाट?"

"तू डोळे मिटून इतकी शांत बसायचीस. सडलंय म्हणून कसं सांगणार?"

शेजारच्या काकू खिडकी का लावून घेतात, ते आत्ता कळलं. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही थांबत नव्हतं. मला वास आलाय, हे त्यालाही मग उमगलं. तो माझ्याजवळ खाली बसला, आणि आमच्यासमोर बादली भरभरून नासत होती.

"झाकण लावू?" त्याने विचारलं.

"नको," मी म्हटलं. "अजून थोडा वेळ राहू दे."