तेरा आकडे आणि एक सूत

मी एक जुना ब्रेक सिलिंडर आहे. जुना म्हणजे वयानं. कामाचं म्हणाल तर आयुष्यात एकोणीस दिवस काम केलं आणि त्यात एक माणूस मारला. मित्रांनो, हे आधीच तोंडावर सांगितलेलं बरं. मागाहून कळलं की तुम्हीच म्हणाल, बघा, लोखंडाचा हा मेला गोड बोलून आमची दया उकळत होता.

माझं काम साधं. चाकाच्या आत बसायचं. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला की तेल माझ्या पोटात येतं, मी दोन्हीकडून दट्टे बाहेर ढकलतो, पट्ट्या ड्रमला धरतात आणि चाक थांबतं. मला लष्कराच्या जीपसाठी ओतलं, तासलं आणि अंगावर तेरा आकडे ठोकले. पहिले चार पंचवीस-तीस, म्हणजे ब्रेक, स्टिअरिंग, चाकं यांचं खानदान. पुढचे दोन बहात्तर, म्हणजे मुलूख भारत. उरलेल्या सातांत त्या खानदानातला नेमका मी. माणसांना तरी एवढा पक्का पत्ता कुठं असतो?

मग मला मेणकागदात गुंडाळून डेपोच्या फळीवर ठेवलं. तिथं मी बावीस वर्षं बोलावण्याची वाट पाहिली. जिच्यासाठी जन्मलो ती जीपच शेवटी मोडीत निघाली, आणि आम्हाला पोत्यात भरून लिलावात काढलं. लग्न न होताच विधुर झालो म्हणा ना! जुन्या सुट्या भागांचा व्यापारी ईश्वरप्पा, त्यानं आख्खा ढीग उचलला आणि सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या आपल्या पत्र्याच्या गोदामात आणून ओतला.

त्या ढिगातून आम्हाला ओळखणारा एकच माणूस होता, हणमंत. सव्वीस वर्षं त्यानं लष्कराच्या डेपोत स्टोअर सांभाळलं होतं, आता ईश्वरप्पाच्या गोदामात तेच करायचा. नंबर वाचायचा, पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर तो आणि गाडीचं नाव ठसठशीत अक्षरात लिहायचं, तारेनं चिठ्ठी गळ्यात बांधायची. त्यानं माझा मेणकागद सोडला आणि म्हणाला, "वा! नवरदेव अजून कोराच हाय की." मित्रांनो, आयुष्यात माझं कौतुक झालं ते एवढंच.

पुढं काचबिंदूनं त्याचे डोळे खाल्ले. तरी हणमंत हटला नाही. अंगठ्याचं नख आकड्यांवरून फिरवायचा आणि सगळे तेरा धडाधड सांगायचा. ईश्वरप्पानं त्याचाही तमाशा केला. गिऱ्हाईक आलं की हाक मारायचा, "ए हणमंता, ये बे हिकडं, जादू दाखव!" मग त्याच्या हातात कधी आमच्यातला एखादा द्यायचा, कधी मुद्दाम चहाची किटली नाहीतर कुणाची चप्पल. लोक मोबाईलवर व्हिडिओ काढत खिदळायचे. हणमंत चप्पल खाली ठेवायचा, हात पँटला पुसायचा आणि आपल्या जागेवर जाऊन बसायचा. आंधळ्याला दुसरीकडं कोण ठेवून घेणार, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मालकालाही.

दरवर्षी दसऱ्याला तो चार दिवस नागपूरला जायचा, दीक्षाभूमीला. यंदाही गेला. आणि इकडं खंडेनवमीला ईश्वरप्पाला भक्तीचा उमाळा आला. सगळा माल डिझेलनं धुवायचा, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. आता देवापुढं गळ्यात चिठ्ठ्या कशा चालतील? कटाकट तारा तोडल्या, चिठ्ठ्या एका घमेल्यात टाकल्या आणि पूजा आटोपल्यावर, दिसायला सारखं ते सारखं समजून, त्यानं स्वतःच्या हातानं परत बांधल्या. माझ्या गळ्यात आली तीन टनी ट्रकच्या सिलिंडरची चिठ्ठी. तो माझा जुळा शोभावा असा. लांबी तीच, बोल्टाची भोकं तीच. पोट मात्र माझ्याहून एक सूत मोठं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तेवढ्यात काय बिघडतं, असं तुम्हाला वाटेल. ईश्वरप्पालाही तसंच वाटलं असतं.

हणमंत परतला त्याच दिवशी मंद्रूपचा सयाजी आला. लिलावात घेतलेला लष्करी ट्रक त्यानं उसाच्या वाहतुकीला लावला होता. कारखाना सुरू व्हायला आला होता आणि पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेक गेला होता. ईश्वरप्पानं चिठ्ठी बघून मला त्याच्या हातात दिलं. सवयीनं हणमंतानं मला घेतलं, नख फिरवलं आणि त्याचा चेहराच उतरला.

"मालक, ह्यो जीपचा हाय. चिठ्ठ्या इकडच्या तिकडं झाल्यात. सगळा माल परत वाचावा लागंल."

ईश्वरप्पा गिऱ्हाइकापुढं लालबुंद झाला. "माझ्या हातनं पूजा झालेल्या मालाला खोट काढतोस व्हय बे?"

"पूजेचं न्हाय मालक, नंबराचं बोलतोय." मग तो गिऱ्हाइकाच्या चाहुलीकडं वळला. "सयाजीराव, ह्यो नेऊ नका. तुमच्या ट्रकाला ह्यो कमी पडंल."

सयाजीनं चिठ्ठी वाचून पाहिली. "काका, अक्षर तर तुमचंच म्हणत्यात. तीन टनी लिवलंय की स्वच्छ."

"अहो, त्याला चपलेवर बी नंबर सापडतोय!" ईश्वरप्पा म्हणाला, आणि सयाजी हसला. मनमोकळा हसला, त्यात वाईटपणा काही नव्हता.

एवढ्यावर थांबला तर तो ईश्वरप्पा कसला! "नंबर हाय म्हणून तुझी किरकिर हाय. घास त्यो. आत्ताच्या आत्ता. न्हायतर उद्यापासनं येऊ नगंस."

हणमंत चाचपडत ग्राइंडरपाशी गेला. मला वाटलं, आता हा मला दूर भिरकावून देईल, मालकाला चार शिव्या हासडेल. कसलं काय! त्यानं बटण दाबलं आणि मला दगडावर धरलं. ठिणग्या उडाल्या. जे तेरा आकडे या पृथ्वीवर त्याच्या एकट्याच्या बोटाला कळत होते, ते त्यानंच पुसले. सयाजी मला पिशवीत घालून घेऊन गेला.

मिस्त्रीनं आत नवं रबर घातलं. भोकं जुळली, पाईप बसला, विषय संपला. बावीस वर्षांनी मला चाक मिळालं आणि, खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. अठरा दिवस निभावलं. एकोणिसाव्या दिवशी ट्रक उसानं खच्चून भरलेला आणि समोर अचानक बैलगाडी आडवी. सयाजीनं जीव खाऊन ब्रेक दाबला. उजव्या चाकानं करकचून धरलं. मी माझ्या पोटात होतं तेवढं सगळं ढकललं, पण ते एक सूत मी आणू कुठून? ट्रक उजवीकडं ओढला गेला आणि पुलाच्या कठड्यावरून खाली गेला. बैलांना खरचटलंही नाही.

पोलीस ठाण्यात मला टेबलावर ठेवलं. शेजारी ती चिठ्ठी, तेलकट पण वाचता येणारी. ईश्वरप्पा हात जोडून म्हणाला, "साहेब, मला नंबरातलं कळत न्हाय. चिठ्ठी ह्याच्या अक्षरात, ग्राइंडरवर हात बी ह्याचाच. गोदामात कुणालाबी इचारा."

यातला शब्दही खोटा नव्हता, मित्रांनो. हणमंतानं सगळी हकिगत सांगितली. माझे तेराच्या तेरा आकडे पाठ म्हणून दाखवले. साहेबांनी मला उजेडात फिरवून पाहिलं. "कुठं आहेत? इथं तर गुळगुळीत आहे." त्यांनी ते लिहून घेतलं नाही, आणि हणमंताला बसवून ठेवलं.

सयाजीची बायको रेश्मा भिंतीशी उभी होती. ती पुढं आली.

"काका, तुमाला ठावं हुतं?"

"व्हय."

"त्यांना सांगितलं हुतं?"

"एकदा सांगितलं, पोरी."

"मग दुसऱ्यांदा का न्हाय सांगितलं?"

हणमंतानं टेबल चाचपलं. मी हाताला लागलो तसं अंगठ्याचं नख माझ्या घासलेल्या जागेवरून फिरवलं, एकदा, परत एकदा.

आता मी मुद्देमालाच्या खोलीत पोत्यात पडून आहे. गळ्यात नवी चिठ्ठी आहे, तिच्यावर गुन्ह्याचा नंबर, आणि ती मात्र अगदी बरोबर बांधलेली आहे. अशा गोष्टीच्या शेवटी आम्ही वस्तूंनी विनवायचं असतं, आम्हाला तेल द्या, गंजू देऊ नका. मला गंजू द्या, खुशाल. फक्त तुमच्यातल्या ज्याला वाचता येतं, त्यानं दुसऱ्यांदाही मोठ्यानं वाचावं. लोक हसतील. सयाजीही हसला होता.