खिडकीतली लाल बाटली

दवाखान्याच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. निर्मळबाबा फुंकर घालून लाल लघवीचं पाणी करणार, हे ऐकून वडशाचे लोक धानाची मळणी टाकून धावले होते. मी शाळामास्तर. मीही गेलो, पण डोकं घरी ठेवून नाही.

खाटेवर लटारूची बायको कमळा होती. तिचं अंग सुजायचं, म्हणून डॉक्टर अयूब यांनी सकाळी पाठीतून सुई घालून मूत्रपिंडाचा कणभर तुकडा तपासायला काढला होता. आतलं दाखवणारं यंत्र आमच्याकडे कुठलं! डॉक्टरांनी बजावलं होतं, कमळाने उताणं पडून राहायचं आणि प्रत्येक वेळची लघवी बाटलीत भरून खिडकीत ओळीने मांडायची. रंग फिका होत गेला तर बरं. पुन्हा लाल झाला तर आत रक्त वाहतंय, लगेच हाक मारायची.

बाटल्या फिक्या होत गेल्या आणि दुपारची एकदम लालभडक आली. लटारूने हाक मारली ती बाबाला!

"डाक्टरनं भोक पाडलं, मी बुजवतो!" बाबा गरजला. बाटलीवर शाल टाकून त्याने डोळे फिरवले. "रक्ता, पाणी हो!" शाल उचलली, तर बाटली स्वच्छ. एकच जयजयकार झाला.

"ऊठ माय, देवीले फेऱ्या मार आता."

लटारू तिला उठवू लागला. "मले गरगरून राह्यलं जी," कमळा पुटपुटली. ऐकतो कोण?

"निजवा तिले!" गलका ऐकून डॉक्टर आले होते. त्यांनी नाडी धरली, मग बाटल्यांकडे पाहिलं. "लटारूभाऊ, ही कोणाची?"

"कमळाचीच जी. बाबानं साफ केली."

डॉक्टरांनी त्यातलं थोडं काचनळीत घेऊन दिव्यावर धरलं. "तिच्या लघवीत प्रथिनं जातात, तापवली का रोज दुधावानी फाटते. आज काऊन फाटत नाई?" नळी उकळली, पण एक पांढरा कण दिसेना. "हे विहिरीचं पाणी आहे. खरी बाटली कुठी आहे?"

बाबा मागे सरकला. मीच त्याची शाल ओढली. काखेतल्या झोळीतून लाल बाटली निघाली.

तो राग अजून माझ्या अंगात आहे. बाईचा जीव जात होता आणि या हरामखोराने धोक्याची खूणच लपवली होती! आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो.

लटारूचं रक्त जुळलं, ते कमळाला चढवलं. संध्याकाळपर्यंत नाडी ठिकाणावर आली.

"मले वाटलं, लाल गेलं म्हंजे दुखणं गेलं," लटारू रडत म्हणाला.

लोकहो, डोळ्यांआड झालेलं दुखणं आत तसंच वाढत असतं. लाल दिसलं तर झाकू नका, जाणत्याला दाखवा. त्या दुपारी डॉक्टर शेजारच्याच खोलीत बसले होते.