सोसलेला आवाज

"आवाज सोसवेना झाला की हात वर करा," नागपूरच्या कानाच्या दवाखान्यातल्या मॅडमनी कागदावर लिहून दाखवले. दुधराम दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला.

सौंदडच्या राइस मिलमध्ये त्याची उमर गेली. ती मिल सुरू झाली की चोरखमारा तलावाचे मासे काठावर येऊन तक्रार करीत. खोटे वाटत असेल तर माशांना विचारा. त्याच मिलने त्याचे कान खाल्ले. आता शस्त्रक्रियेने कानाच्या आत यंत्र बसले होते, आणि कानामागच्या डबीत आवाज किती ठेवायचा ते ठरत होते. आवाज सुईसारखा टोचू लागला, डोळ्यांत पाणी आले. पण शेजारी बायको, रुख्मा बसलेली. मिलचा माणूस आवाजाला भ्याला, हे तिला कसे दिसू द्यायचे?

तेवढाच आवाज डबीत कायम झाला. घरी रुख्मा बोलली की पत्र्यावर गिट्टी ओतल्यासारखे वाटे. शब्द एकही नाही.

आणि रुख्माला तंबाखू-सुपारीच्या खर्र्याने घशाचा कर्करोग दिलेला. सोमवारी स्वरयंत्रच काढणार होते. दुधराम दिवसभर डबीची बटणे दाबी. आवाज वाढवला, गिट्टी वाढली. गोंगाट कमी करायचे बटण दाबले. रस्त्यावरचा ट्रॅक्टर गेला, गिट्टी राहिली.

"आवो, कायले छळून रायले त्या डबीले?" रुख्मा घोगऱ्या आवाजात बोलली.

"काय म्हनून रायली तू?" तो ओरडला. त्याला सगळेच ओरडून बोलायची सवय.

रविवारी रुख्माच्या हातून ताट पडले, तसा तो डोके धरून खालीच बसला. मुलगी गुंजनने खुणेने विचारले, दुखते?

"पहिल्या दिवसापासून."

मग हात काऊन नाही केला वर, तिने पाटीवर लिहिले.

"तुही माय पाहून रायली होती ना."

सोमवारी रुख्माला नागपूरच्याच मोठ्या दवाखान्यात मामाजवळ ठेवून गुंजनने बापाला मॅडमकडे पळवले. या वेळी पहिल्याच टोचणीला हात वर गेला. आवाज उतरत गेला. ओठ दिसू नयेत म्हणून मॅडमनी तोंडासमोर कागद धरला.

"काका, जेवलात का?"

शब्द चिरके होते, पण शब्द होते. "नाही," तो म्हणाला, आणि रडू लागला.

ऑटोतून दोघे पोचले तेव्हा रुख्माला आत नेले होते. संध्याकाळी नर्स म्हणाली, "काका, चपला बाहेर." ते त्याला नीट कळले.

रुख्माच्या गळ्याला पट्टी होती, नळीतून श्वास येत होता. तिने ओठ हलवले.

"बोल," तो हळूच म्हणाला, "आयकून रायलो."

ओठ पुन्हा हलले. त्याने उठून पंखा बंद केला आणि स्टूल पलंगाजवळ ओढला.