दोन रेघांमधला खोकला

तिने रेकॉर्डिंगच्या अकराव्या मिनिटातला खोकला स्क्रीनवरच्या दोन रेघांमध्ये पकडला, कापला आणि दोन्हीकडची वाक्यं जोडून पुन्हा ऐकली. सांधा कळत नव्हता. पुस्तकं वाचून त्यांचं रेकॉर्डिंग कंपनीला पाठवणं हे तिचं काम, आणि कपाटात रजया टांगून केलेली जागा हा तिचा स्टुडिओ. माईक भलता तिखट कानाचा होता. भिंतीपलीकडे सासरे होते.

"बाबा, अर्धा तास दम धरा ना," ती त्यांच्या दारात जाऊन म्हणाली.

"मी धरतोय गं. खोकलाच मेला आगाऊ, बोलावल्याशिवाय येतो."

तिने खोकला दाबणारं औषध दोन चमचे त्यांच्या तोंडात घातलं. रोज कामाला बसण्याआधी ती ते द्यायची. त्यांना गुंगी यायची आणि तिची दोन प्रकरणं उरकायची. आपण हे त्यांच्यासाठीच करतो, असं ती मनाला बजावत असे. ते खरं नव्हतं, हेही तिला ठाऊक होतं.

शनिवारी पलंगापासून न्हाणीघरापर्यंत जातानाच सासऱ्यांना धाप लागली. ते भिंत धरून उभे राहिले, तेव्हा कुठे नवऱ्याने रिक्षा आणली.

"खोकला कधीपासून?" छातीला नळी लावत डॉक्टरांनी विचारलं.

"झाले असतील दोनेक दिवस," सासरे म्हणाले. नवरा बायकोकडे बघू लागला. तो सकाळी जायचा, तो अंधार पडल्यावर यायचा.

"बारा दिवस," ती म्हणाली. "पहिले चार दिवस कोरडा होता. पाचव्या दिवशी दुपारपासून कफ वाजायला लागला. परवापासून श्वास सोडताना बारीक शीळ येते."

प्रत्येक खोकला तिने हेडफोन लावून ऐकला होता. काही तर तीन-तीनदा, नेमके कुठून कापायचे ते बघायला.

डॉक्टरांचं पेन थांबलं. "याला म्हणतात लक्ष! पोटच्या मुलांनाही इतकं सांगता येत नाही. नशीबवान आहात, आजोबा."

"आहेच मुळी," सासरे म्हणाले. "डोळ्यांत तेल घालून बघते माझं."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती टेबलावरच्या काचेकडे बघत राहिली.

ब्राँकायटिस आहे, श्वासनळ्यांना सूज आली आहे, न्यूमोनिया नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. श्वासातून औषध आत ओढायचा पंप लिहून दिला. बाकी विश्रांती आणि भरपूर कोमट पाणी. धाप वाढली, ताप चढला किंवा कफात रक्त दिसलं, तर मात्र तडक घेऊन यायचं.

"आणि खोकला दाबणारं काही देत नाही ना? कफ बाहेर पडायला हवा. आत साठला की त्रास वाढतो."

तिने तोंड उघडलं.

"ते मीच घेत होतो," सासरे मध्येच म्हणाले. "गुपचूप. झोप बरी लागायची."

"या वयात चोरून औषधं? सुनेने एवढं जपायचं आणि तुम्ही असं करायचं?" डॉक्टरांनी चांगलंच फैलावर घेतलं. रिक्षात नवऱ्यानेही तोंडसुख घेतलं. सासरे मान खाली घालून सगळं ऐकत होते. आता सांगावं, कोपऱ्यावर सांगावं, जिन्यात सांगावं, असं करता करता घर आलं, पण तिची जीभ काही उचलली नाही.

नवरा पंप आणायला गेला. तिने सासऱ्यांना उशीला टेकवून बसवलं आणि कोमट पाण्याचा पेला हातात दिला.

"बाबा, डॉक्टरांना तुम्ही..."

"जाऊ दे गं."

त्यांनी दोन घोट घेतले. छातीत काहीतरी घरघरलं. त्यांनी ओठ घट्ट मिटले, चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं. हाताने तिला थांब अशी खूण करून त्यांनी कसाबसा श्वास घेतला.

"आत्ता काम नाहीये ना तुझं?"

"नाही, बाबा."

"मग खोकू का जरा?"