सव्वीसवर अडकलेला काटा

मी एक जुनं गटिंग मशीन आहे, मित्रांनो. बॅडमिंटनच्या रॅकेटला तारा ओढून बसवायच्या, हे माझं काम. आई गेल्याचा फोन दवाखान्यातून आला, त्या सकाळी माझ्या चिमट्यांत एक रॅकेट होती. उभ्या तारा झाल्या होत्या. आडव्या सात राहिल्या होत्या.

आईनं मला बंद पडलेल्या एका दुकानातून आणलं, लेकीसाठी. लेक कोर्टवर गरगर फिरायची, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. आई तार ओढायची, नखानं छेडायची आणि कान लावायची. भिंगरी देशाकडून खेळू लागली, तेव्हा लोक मलाही बघायला यायचे.

तेविसाव्या वर्षी तिचा खांदा दुखावला. डॉक्टर म्हणाले, तारा थोड्या सैल ठेवा. पण भिंगरी ऐकेल तर शपथ!

"सगळ्या अठ्ठावीस पाउंडांवर खेळतात. मीच काय म्हातारी?"

"बरं बाई, अठ्ठावीस," आई म्हणाली, आणि ताण दाखवणारा माझा काटा सव्वीसवर आणून ठेवला. सहा वर्षं तो तिथंच होता. मला तोंड नाही, म्हणून गुपित टिकलं.

आई गेल्यावर दोन महिन्यांनी भिंगरी परदेशी स्पर्धेला गेली. आईनं ओढलेली शेवटची तार तिथं तुटली. तिथल्या कारागिराला तिनं अठ्ठावीस सांगितलं. त्यानं इमानानं अठ्ठावीसच ओढलं.

संध्याकाळी फोन आला. बाबा मला पुसत होते. स्पीकर लावून फोन त्यांनी माझ्यावरच ठेवला.

"बाबा, आज कशीबशी जिंकले. फूल नेटच्या पुढं जातच नाही. खांदा ठणकतोय. उद्या हरले तर संघातून नाव जाईल. आई गेली आणि माझा हातच गेला."

बाबा माझ्या काट्याची कळ उगाच फिरवू लागले. ती हलेना. मी मनात ओरडत होतो, बघा, काटा बघा!

"भिंगरे, तू तारा किती सांगतेस?"

"अठ्ठावीस. नेहमीच्याच."

"इथं काटा सव्वीसवर आहे. गंजून बसलाय."



"सहा वर्षं फसवलं आईनं मला!"

"मलाही. भाजीत मीठ निम्मं घालायची आणि नेहमीइतकंच आहे म्हणायची."

भिंगरी हसली की रडली, मला कळलं नाही.

रात्रीच तिनं तारा सव्वीसवर ओढून घेतल्या. दुसऱ्या दिवशी बाबा फोनवर सामना बघत उभेच होते. तिसरा गेम एकोणीस-एकोणीस झाला. मग भिंगरीचं फूल थेट मागच्या रेषेवर पडलं. त्यानंतर आणखी एक. ती जिंकली.

मित्रांनो, अर्धी विणलेली रॅकेट मशीनवर ठेवू नये, सांगाडा वाकतो. तारा पुऱ्या कराव्यात, नाहीतर कापून टाकाव्यात. घरी आल्यावर भिंगरीनं कात्री उचलली होती. "राहू दे," बाबा म्हणाले. आता ते शेजारच्या गल्लीत गटिंग शिकायला जातात. अजून त्यांना तार नीट ओढता येत नाही.

सात आडव्या तारा ओवायच्या राहिल्या आहेत.