कुरामोचींचं बोट

कुरामोचींचं उजवं बोट डाव्यापेक्षा अर्धा इंच लांब होतं, बरं का. तीस वर्षं व्हॉल्व्हवर रोखून रोखून ते वाढलं, असं अख्खं अणुवीज केंद्र सांगायचं. सुरक्षा तपासणीची तिथली रीतच ती. व्हॉल्व्हकडे बोट रोखायचं, तो उघडा दिसला की मोठ्यानं "उघडा, ठीक" म्हणायचं, मग कागदावर खूण. घरी सूप समोर आलं तरी यांचं "गरम, ठीक". बायको फुसाए सांगायची, "मी चार दिवस माहेरी होते, तर म्हणे हे माझ्या रिकाम्या उशीकडे बोट करून म्हणाले, बायको, ठीक."

केंद्रातली बंद ठेवलेली अणुभट्टी परत सुरू करायची होती. दुपारच्या बैठकीत कुरामोचींचा अहवाल आला की परवानगी. सकाळी शेवटची फेरी निघाली. मागे त्यांच्या हाताखालची निशिवाकी, दिवा धरून. भट्टी तापलीच तर गार पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हपाशी आले.

"उघडा, ठीक," म्हणून कुरामोची पुढे निघाले. मागे व्हॉल्व्हचं चाक कुरकुरलं. वळून बघतात तर निशिवाकी ते फिरवतेय.

"काय गं?"

"काही नाही, कुरामोची-सान. जरा... बंद होता."

कुरामोचींचे कान तापले. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही ठीक म्हणालात ना. त्यावर मी कशी बोलणार?"

"याआधी झालंय असं?"

ती बुटांकडे बघत राहिली. "या वर्षी तिसऱ्यांदा. मी गुपचूप नीट करते."

बैठकीत केंद्रप्रमुख हसत म्हणाले, "यांचं बोट फिरलं ना? मग सह्या करू या."

कुरामोची उठले आणि टेबलाला कपाळ टेकेपर्यंत वाकले. "सह्या नकोत. मी बघतच नव्हतो. नुसता म्हणत होतो."

कुणीतरी खोकलं. प्रमुख हळूच म्हणाले, "बसा हो, दमलात तुम्ही. आता उघडा आहे ना तो?"

"निशिवाकीनं उघडला. माझी एकेक खूण पुन्हा तपासा." मान वर करायची हिंमतच होईना. लोक उठून गेले तरी ते वाकलेलेच.

भट्टी महिनाभर थांबली. पुन्हा फेरी निघाली तेव्हा निशिवाकी पुढे होती, दिवा कुरामोचींच्या हातात. तिनं बोट रोखलं, "उघडा, ठीक" म्हणाली, आणि सवयीनं त्यांच्याकडे वळून बघितलं.

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "माझ्याकडे नको बघूस, पोरी. चाकाला हात लाव."